पत्ता टाकला, पण लागला कधी?

आजचा भाग पत्त्यांवरचा आहे. ऐकताना इंग्रजी शब्द निसटून जातात असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून बोललेलं सगळं जवळजवळ जसंच्या तसं इथे लिहून देतोय. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनी उदाहरणं परत एकदा हातात पत्ते घेऊन करून बघावीत. ज्यांनी ऐकला नाही त्यांचंही काही अडणार नाही.

गेल्या काही महिन्यांत आलेले प्रश्न एकत्र केले तर त्यांचा सूर एकच निघतो. मलकापूरकडून एकानं विचारलं, "मी पत्ता टाकला, त्यानं मधेच त्याचा टाकला, मग आधी कोणाचा धरायचा?" चिखलीहून प्रश्न होता, "पत्ता फोडला तर त्याचं काम होतं की नाही?" आणि एका मुलानं अगदी मुद्द्याचं विचारलं, "पत्त्यावर लिहिलेलं इंग्रजी दादा वाचतो आणि दर वेळी तोच जिंकतो, असं काहून?"

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मॅजिक असो, यू-गी-ओ असो की पोकेमॉन, हे पत्ते इंग्रजीत छापलेले असतात. मोठ्या शहरातल्या स्पर्धेत नियम सांगायला जज बसलेला असतो. खामगावच्या गच्चीवर किंवा मेहकरच्या ओसरीवर जज नसतो. तिथे ज्याला इंग्रजी येतं, ज्याचे पत्ते आहेत किंवा ज्याचा आवाज मोठा आहे, त्याचा नियम चालतो. त्यात मुलं जिंकलेला पत्ता घरी न्यायच्या बोलीवर खेळत असतील तर एका शब्दाच्या अर्थावर साठवलेल्या खाऊच्या पैशाचा पत्ता जातो. म्हणून पत्ता वाचता येणं हे खेळ येण्याइतकंच गरजेचं आहे. आणि ते वाटतं तितकं अवघड नाही, कारण आपल्या मराठीत त्यासाठी लागणारे सगळे शब्द आधीपासून आहेत.

आधी आपला मेंढीकोट

परक्या खेळाकडे जाण्याआधी घरच्या खेळाकडे बघू. मेंढीकोट आपल्याकडे लग्नघरात, पारावर, रेल्वेच्या डब्यात सगळीकडे चालतो. चार जण, दोन जोड्या, प्रत्येकी 13 पानं, आणि सगळा जीव चार दश्श्यांत.

कट हुकूम खेळताना सुरुवातीला हुकूम ठरलेला नसतो. उतारीचा रंग ज्याच्याकडे नाही, तो पहिल्यांदा जे दुसऱ्या रंगाचं पान टाकेल तो रंग हुकूम. आता समजा उतारी बदामची आहे. पहिल्यानं बदामची दश्शी टाकली, दुसऱ्यानं बदामची पंजी. तिसऱ्याकडे बदाम नाही, त्यानं चौकटची सत्ती टाकली. चौकट हुकूम झाला. पण ती सत्ती स्वतः हुकूम धरायची की हुकूम पुढच्या हातापासून लागू?

खेळणारे लगेच सांगतील, सत्ती हुकूमच. पान पडलं त्याच क्षणी चौकट हुकूम झाला, त्यामुळे त्या सत्तीनं दश्शी उचलली. आणि चौथ्याकडेही बदाम नसेल, पण चौकटची अठ्ठी असेल, तर तो सत्तीवर चढून दश्शी आपल्याकडे घेईल.

नीट बघा, इथे तीन गोष्टी आपण न बोलता ठरवल्या. पत्त्याचं काम कधी सुरू झालं, ते कशाकशावर लागू झालं, आणि त्यानंतर दुसऱ्याला उत्तर द्यायची संधी होती का. जगातल्या कुठल्याही पत्त्यांच्या खेळातलं भांडण याच तीन प्रश्नांवर येऊन थांबतं.

बंद हुकुमात तर आपल्याकडेच दोन रीती आहेत. हुकूम उघडायला लावणाऱ्यानं त्या हाताला हुकूमच टाकायचा, असं काही बैठकांत मानतात, तर काही ठिकाणी ती सक्ती नसते. दोन्ही रीती खेळायला ठीक आहेत. भांडण होतं ते डाव अर्ध्यावर आल्यावर रीत ठरवायला गेलं की.

मॅजिक: पोत्यांची थप्पी

आता संग्रह करायच्या पत्त्यांकडे येऊ. या प्रकाराची सुरुवात ज्या खेळापासून धरतात तो मॅजिक: द गॅदरिंग 1993 साली आला. तो तयार करणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणितात डॉक्टरेट केलेले. खेळ झपाट्यानं पसरला, पण सुरुवातीच्या नियमांत कोणता पत्ता कोणाच्या आधी लागतो याचा मोठा गुंता होता. 1999 मध्ये खेळाच्या सहाव्या आवृत्तीबरोबर नियम बदलले आणि एक साधी कल्पना आली. इंग्रजीत तिला स्टॅक म्हणतात. मी तिला थप्पी म्हणतो.

बाजार समितीत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी बघितली असेल. सगळ्यात शेवटी ठेवलेलं पोतं सगळ्यात आधी उचललं जातं. खालचं पोतं काढायचं तर आधी वरची काढावी लागतात. मॅजिकमध्ये तसंच आहे. तुम्ही पत्ता टाकला म्हणजे त्याचं काम झालं असं नाही, तो फक्त थप्पीत ठेवला गेला. समोरचा त्यावर आपला पत्ता ठेवू शकतो. दोघंही लागोपाठ "माझं काही नाही" म्हणाले की वरचा पत्ता लागतो. मग परत दोघांना संधी, मग त्याखालचा.

उदाहरण घ्या. माझ्याकडे ग्रिझली बेअर्स आहे, ताकद 2 आणि टिकाव 2. समोरच्यानं त्यावर लाइटनिंग बोल्ट टाकला, म्हणजे 3 इजा. मी उत्तर म्हणून जायंट ग्रोथ टाकला, म्हणजे त्या पाळीपुरती अस्वलाची ताकद आणि टिकाव 3-3 नी वाढतात. थप्पीत खाली बोल्ट, वर ग्रोथ. आधी ग्रोथ लागला, अस्वल 5-5 झालं. मग बोल्ट लागला, 3 इजा झाली, पण 5 टिकावाचं अस्वल जगलं.

आता तेच दोन पत्ते उलट क्रमानं. मी आधी ग्रोथ टाकला. समोरचा त्यावर बोल्ट ठेवतो. वर बोल्ट आहे, तो आधी लागला, त्या वेळी अस्वल अजून 2-2 च आहे. मेलं. मग ग्रोथची पाळी आली तर ज्यावर तो टाकला होता ते अस्वलच मैदानात नाही. ग्रोथ वाया गेला. माझे दोन पत्ते गेले, त्याचा एक.

पत्ते तेच, खेळणारे तेच, फक्त क्रम बदलला आणि निकाल उलटा झाला. म्हणून "आधी कोणी टाकला" हा प्रश्न रागाचा नसून हिशेबाचा आहे. मलकापूरच्या मित्राला उत्तर असं: मॅजिकमध्ये ज्यानं नंतर टाकला, त्याचा आधी लागतो.

दोघांच्याही पत्त्यांचं काम एकाच वेळी जागं झालं तर? ज्याची पाळी चालू आहे त्याची कामं आधी थप्पीत जातात, दुसऱ्याची त्यावर. म्हणजे उचलताना दुसऱ्याची आधी लागतात. हे ऐकायला उलटं वाटतं, पण पोती डोळ्यासमोर ठेवली की चुकत नाही.

यू-गी-ओ: फोडला म्हणजे थांबवला नाही

यू-गी-ओ काझुकी ताकाहाशी यांच्या चित्रकथेतून आला. चित्रकथा 1996 ची आणि कोनामीचे पत्ते 1999 पासूनचे. इथेही थप्पीसारखीच पद्धत आहे, तिला चेन म्हणतात. शेवटची कडी आधी लागते. पण एक मोठा फरक आहे. मॅजिकमध्ये प्रत्येक पत्ता लागल्यावर मधे परत नवीन पत्ता टाकता येतो. यू-गी-ओमध्ये चेन लागायला सुरुवात झाली की ती संपेपर्यंत मधे कोणी काही टाकायचं नाही. दोन्ही खेळ खेळणारी मुलं इथेच एकमेकांवर ओरडतात, आणि आपापल्या खेळापुरते दोघंही बरोबर असतात.

आता चिखलीचा प्रश्न. मिस्टिकल स्पेस टायफून नावाचा प्रसिद्ध पत्ता आहे. तो मैदानावरचा एक स्पेल किंवा ट्रॅप पत्ता फोडतो. समजा समोरच्यानं पॉट ऑफ ग्रीड टाकला. त्याचं काम दोन पत्ते ओढणं. स्पर्धेत या पत्त्यावर बंदी आहे, पण घरी सगळ्यांकडे असतो. तुम्ही त्यावर टायफून टाकला आणि पॉट फुटला. दोन पत्ते मिळणार की नाही?

मिळणार. टायफूनवर "फोडा" लिहिलंय, "रद्द करा" लिहिलेलं नाही. पॉटचं काम टाकल्याबरोबर सुरू झालेलं आहे. पत्र टपालपेटीत पडल्यावर लिहिणाऱ्याचं पेन मोडलं म्हणून पत्र थांबत नाही, तसं. पत्त्याचं काम थांबवायचं असेल तर त्यावर निगेट हा शब्द हवा.

पण मैदानावर राहूनच काम करणारे कंटिन्युअस पत्ते वेगळे. ते टाकल्याबरोबर फुटले तर त्यांचं काम होत नाही, कारण त्यांचं काम ते मैदानावर असण्यावर अवलंबून आहे. दिव्याचा उजेड दिवा असेपर्यंतच. म्हणून चिखलीच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात नाही. आधी बघायचं, पत्ता एकदाच काम करून जाणारा आहे की बसून काम करणारा.

अपूर्णविराम आणि अर्धविराम

2011 पासून यू-गी-ओच्या पत्त्यांवरचा मजकूर ठरावीक साच्यात लिहितात. त्यात विरामचिन्हांनासुद्धा काम दिलंय. अपूर्णविरामाच्या, म्हणजे दोन टिंबांच्या आधी येते ती अट: कधी आणि कुठल्या परिस्थितीत पत्ता वापरता येईल. त्यानंतर अर्धविरामापर्यंत येतं ते पत्ता वापरताना लगेच करायचं: किंमत भरणं, नेम धरणं. आणि अर्धविरामानंतर येतं खरं काम, जे चेन लागताना होतं.

याचा उपयोग काय? समजा पत्त्यावर अर्धविरामाच्या आधी "हातातला एक पत्ता टाकून द्या" असं आहे. समोरच्यानं तुमचा पत्ता रद्द केला. टाकून दिलेला पत्ता परत मिळतो का? नाही. ती किंमत होती. अर्जाची फी भरली आणि अर्ज नामंजूर झाला तर फी परत येत नाही, तसंच. पण तेच वाक्य अर्धविरामानंतर असतं, तर ते कामाचा भाग झालं असतं, आणि पत्ता रद्द झाल्यावर काही टाकावंच लागलं नसतं. एका टिंबाच्या जागेवर एक पत्ता वाचतो किंवा जातो.

'होताच' आणि 'झालं तर'

आता सगळ्यात जास्त भांडणं लावणारी जोडी. इंग्रजीत व्हेन आणि इफ. शाळेत आपण व्हेन म्हणजे जेव्हा आणि इफ म्हणजे जर असं पाठ करतो. पण यू-गी-ओमध्ये व्हेनचा खरा अर्थ "होताच" असा घ्यायला हवा.

असं समजा, कोणी तुम्हाला सांगितलं, "गाडी शेगावला थांबताच चहा घेऊ शकतोस." गाडी थांबली, पण तुम्ही सामान उतरवत बसलात आणि गाडी पुढे निघाली. चहा गेला. दुसऱ्यानं सांगितलं, "आज शेगावला गाडी थांबली असेल तर चहा घेऊ शकतोस." मग सामान उतरवून, गाडी गेल्यावरही चहा मिळतो, कारण गाडी थांबली होती हे खरंच आहे.

यू-गी-ओमध्ये ज्या पत्त्यावर व्हेन आहे आणि पुढे "करू शकता" आहे, त्याची घटना सगळ्यात शेवटची घडलेली असावी लागते. पेटेन द डार्क क्लाऊन हे त्याचं जुनं उदाहरण. तो ग्रेव्हयार्डमध्ये जाताच, त्याला खेळाबाहेर काढून तुम्ही हातातून किंवा गड्डीतून दुसरा पेटेन आणू शकता. लढाईत मेला तर चालतं. पण मोठा मॉन्स्टर आणायला तुम्ही पेटेनचा बळी दिला तर? पेटेन ग्रेव्हयार्डमध्ये गेला, आणि त्यानंतर मोठा मॉन्स्टर मैदानात आला. शेवटची घटना मोठा मॉन्स्टर येणं ही झाली. पेटेनची गाडी निघून गेली. याला वेळ चुकणं म्हणतात.

हे लागू व्हायला दोन्ही गोष्टी हव्यात हे विसरू नका: व्हेन आणि "करू शकता". "करू शकता" नसेल, काम सक्तीचं असेल, तर वेळ चुकत नाही. व्हेनऐवजी इफ असेल तरीही चुकत नाही.

आणि आता गंमत बघा. मॅजिकमध्ये व्हेनला हा अर्थ नाहीच. तिथे व्हेन, व्हेनेव्हर किंवा ॲट असलेल्या कामाची घटना घडली की काम थप्पीत जाणारच, मधे दुसरं काही घडलं तरी. पण मॅजिकच्या वाक्यात व्हेननंतर लगेच स्वल्पविराम देऊन इफ आला, तर ती अट दोनदा तपासतात. काम जागं होताना एकदा आणि ते लागताना परत एकदा. मधल्या वेळात अट खोटी पडली तर काम होत नाही.

म्हणजे शब्द तोच, खेळ बदलला की अर्थ बदलला. म्हणून इंग्रजी चांगलं असणारा दादाही चुकू शकतो. शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघून भागत नाही, त्या खेळाच्या नियमपुस्तकात बघावा लागतो. धाकट्या भावंडांनी हे वाक्य पाठ करून ठेवावं.

पोकेमॉन: इजा वेगळी, इजेच्या सोंगट्या वेगळ्या

पोकेमॉनचे पत्ते 1996 साली जपानमध्ये आले. हा खेळ क्रमाच्या बाबतीत सोपा आहे. समोरच्याच्या पाळीत तुम्ही सहसा मधे काही टाकत नाही, त्यामुळे थप्पीची भानगड नाही. पण दोन ठिकाणी हमखास वाद होतात.

पहिलं, डॅमेज आणि डॅमेज काउंटर. हल्ल्यानं "50 डॅमेज" होणार असेल तर समोरच्या सक्रिय पोकेमॉनची कमजोरी धरायची, म्हणजे दुप्पट 100. पण पत्त्यावर "5 डॅमेज काउंटर ठेवा" असं असेल तर कमजोरी, प्रतिकार काहीच धरायचं नाही, 5 सोंगट्या म्हणजे 50, विषय संपला. दोन्हीकडे शेवटी सोंगट्याच ठेवतात, म्हणून मुलांना ते एकच वाटतं. पण एका ठिकाणी हल्ला मोजून सोंगट्या येतात आणि दुसरीकडे थेट सोंगट्या.

दुसरं, दोन पाळ्यांच्या मधली तपासणी. तिचा क्रम ठरलेला आहे: आधी विष, मग भाजणं, मग झोप, मग लकवा. त्यानंतर इतर पत्त्यांची त्या वेळची कामं. आणि हे सगळं झाल्यावर शेवटी बघायचं की कोणाचा जीव संपला.

समजा तुमच्या पोकेमॉनचा 30 जीव उरलाय आणि त्याला विषही आहे आणि भाजलंही आहे. विषाची एक सोंगटी, 10. भाजल्याच्या दोन, 20. मग भाजल्यासाठी नाणं उडवायचं. छाप पडला, भाजणं बरं झालं. पोकेमॉन वाचला का? नाही. नाणं सोंगट्या ठेवल्यानंतर उडवतात. बरं झालं ते पुढचं भाजणं, झालेली 20 इजा तशीच राहते. एकूण 30 झाले, पोकेमॉन गेला. "छाप पडला म्हणजे भाजलंच नाही" असं म्हणणाऱ्याला हा क्रम दाखवा.

सहा शब्दांची शिदोरी

वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवता येतील असे काही शब्द सांगतो.

मे किंवा यू कॅन म्हणजे "करू शकता". हे नसेल तर ते काम करावंच लागतं, तुमचं नुकसान होत असलं तरी.

अप टू म्हणजे "पर्यंत". अप टू 3 म्हणजे तीन किंवा कमी. नुसतं 3 असेल तर पूर्ण तीन.

टार्गेट म्हणजे "नेम". हा शब्द असेल तर पत्ता टाकतानाच कोणावर ते सांगायचं. नंतर बदलायचं नाही. मॅजिक आणि यू-गी-ओमध्ये हा शब्द नसेल तर निवड पत्ता लागताना होते, समोरच्याला आधी कळत नाही.

इन्स्टेड म्हणजे "ऐवजी". हा फार जबर शब्द आहे. "मरण्याऐवजी हातात परत घ्या" असेल तर तो पत्ता मेलाच नाही. त्यामुळे "मेल्यावर अमुक करा" असं लिहिलेले बाकीचे पत्ते जागे होत नाहीत.

कान्ट म्हणजे "करता येत नाही". एका पत्त्यानं परवानगी दिली आणि दुसऱ्यानं मनाई केली तर मॅजिकमध्ये मनाई जिंकते.

देन म्हणजे "मग". यू-गी-ओमध्ये "हे करा, मग ते करा" असेल तर पहिलं झालं नाही तर दुसरं होत नाही, आणि शेवटची घटना दुसरी धरतात. वेळ चुकण्याचा हिशेब इथूनही निघतो.

या सगळ्यांवर मॅजिकचा एक मोठा नियम आहे: नियमपुस्तक आणि पत्ता यांच्यात विरोध आला तर पत्त्याचं ऐकायचं. नियमपुस्तक दोनशेहून जास्त पानांचं आहे, पण हातातला चार ओळींचा पत्ता त्याच्या वर बसतो. म्हणूनच त्या चार ओळी स्वतः वाचणं महत्त्वाचं.

वाद आलाच तर

पत्ता टाकताना त्याचं नाव मोठ्यानं घ्या आणि थांबा. समोरचा "चालू दे" म्हणाला की मगच काम करा. निम्मी भांडणं हाताच्या घाईतून येतात. पत्ता टाकला, लगेच दोन पत्ते ओढले, हातात मिसळले, आणि मग समोरचा म्हणतो, "थांब, माझ्याकडे उत्तर होतं." तोपर्यंत मागे जायचा रस्ता बंद झालेला असतो.

वाद झालाच तर पत्ता उलगडून मराठीत सांगा. अट काय, किंमत काय, काम काय. आणि हे ज्याचा पत्ता आहे त्यानं न सांगता समोरच्यानं सांगावं. इंग्रजी कच्चं असलं तरी मधे कोणी टोकायचं नाही, शब्द अडला तर दोघांनी मिळून बघायचा.

पत्ता जुना असेल तर छापलेल्या मजकुरावर अडून बसू नका. मॅजिकच्या प्रत्येक पत्त्याचा सध्याचा अधिकृत मजकूर गॅदरर नावाच्या त्यांच्याच यादीत मिळतो, आणि स्पर्धेत तोच धरतात. कोनामी आणि पोकेमॉनच्याही अशा अधिकृत याद्या आहेत. मोबाइलवर मिनिटाचं काम आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. स्टेशनरीच्या दुकानात, जत्रेत स्वस्तात मिळणारे सोनेरी चकचकीत पोकेमॉन पत्ते बहुतेक वेळा नकली असतात. त्यांवरचे आकडे अव्वाच्या सव्वा आणि मजकूर चुकीचा असतो. त्यातल्या वाक्याचा अर्थ कितीही काढला तरी निकाल लागणार नाही, कारण तो लिहिणाऱ्यानं नियम धरून लिहिलेलाच नाही. ते पत्ते जमवायला खुशाल जमवा. खेळायचंच असेल तर त्याच पोकेमॉनचा खरा पत्ता अधिकृत यादीत शोधा आणि त्याचा मजकूर धरा. मुलांच्या हातून पत्ता काढून घेण्यापेक्षा हा मार्ग बरा.

घरचे नियम करायला हरकत नाही. ऊनोचं बघा. हा खेळ 1971 सालचा. घरोघरी अधिक दोनवर अधिक दोन चढवत नेतात, आणि शेवटच्याला आठ-दहा पत्ते घ्यायला लावतात. कंपनीनं 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं की असं चढवता येत नाही, पत्ते घ्यायचे आणि पाळी सोडायची. जगभर लोकांनी ते वाचलं, हसले आणि घरी पुन्हा चढवायला लागले. त्यात वाईट काही नाही. अट एकच, पत्ते वाटायच्या आधी सगळ्यांना माहीत हवं. वाटल्यावर केलेला नियम हा ज्याच्या हातात चांगले पत्ते आहेत त्याचा नियम असतो.

एक शेवटचं सांगतो. मॅजिक सुरू झाला तेव्हा त्यात जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याचा एक पत्ता कायमचा घेऊन जायचा नियम होता. खेळ तयार करणाऱ्यांनीच तो पुढे सोडून दिला. आपल्याकडे डब्ल्यूडब्ल्यूई ट्रम्प पत्त्यांपासून ही सवय आहे. उंची, वजन, जिंकलेल्या लढती यांचा आकडा बोलायचा, मोठा आकडा पत्ता घेऊन जातो. खेळापुरता घेतला तर मजा आहे. घरी नेण्याच्या बोलीवर मात्र नियम पक्के नसताना लहान मुलांना खेळू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नियम एकाच्याच तोंडी असतील तर तो डाव बरोबरीचा नसतो.

ज्या मुलानं दादाबद्दल विचारलं, त्याला माझं उत्तर: पुढच्या वेळी दादानं पत्ता वाचला की शांतपणे विचार, "यात दोन टिंबं कुठे आहेत? व्हेन आहे की इफ? करू शकता आहे का?" तीन प्रश्न पुरे. त्याला उत्तर देता आलं तर तुम्ही दोघंही शिकलात. नाही आलं तर यादी उघडून दोघांनी मिळून बघा.

पुढच्या भागात बंद हुकुमाच्या वेगवेगळ्या रीती घेऊ. तुमच्या गावात हुकूम उघडल्यावर हुकूमच टाकावा लागतो का, आणि दश्श्या दोन-दोन झाल्या तर काय धरता, हे कळवा. पत्त्यांचा प्रश्न पाठवताना पत्त्याचा फोटो आणि कोणी कोणत्या क्रमानं काय टाकलं ते नक्की लिहा. क्रमाशिवाय उत्तर देता येत नाही, हे आता तुम्हालाही पटलं असेल. भेटू.